तीन बोटांची जागा

पुरुषांचे चांगले बूट घ्यायचे तर दुपारी चारनंतर जावं. तोवर दिवसभर उभं राहून पाय थोडे फुगलेले असतात. माप उभ्याने द्यावं, बसून दिलेलं माप खोटं निघतं. जे मोजे घालणार तेच सोबत न्यावेत. हे सगळं मला माहीत आहे, कारण चाकणच्या एका कंपनीत मी स्टोअरच्या खिडकीमागे बसते आणि तिथे बरंच काही मिळत असलं तरी सगळ्यात जास्त खपतात ते सेफ्टी बूट. तरीही नवऱ्याच्या निरोपासाठी काळे बूट घ्यायचे ठरले तेव्हा मी दोन महिने चालढकल केली.

नवरा त्याच कंपनीत. आधी प्रेसवर, नंतर इन्स्पेक्शनच्या टेबलावर. यंदा अठ्ठावन्न पूर्ण झाली. आमच्याकडे निवृत्तीची रीत ठरलेली आहे. शेवटच्या दिवशी पहिली शिफ्ट सुटली की कँटीनमध्ये खुर्च्या मांडतात. निवृत्त होणारा माणूस कोट घालून, बायकोला घेऊन दारातून आत येतो आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने स्टेजपर्यंत चालत जातो. दोन्ही बाजूंचे लोक टाळ्या वाजवतात. मग शाल, नारळ, भाषणं, बायकोचे दोन शब्द, आणि शेवटी फुलांनी सजवलेल्या गाडीतून घरी.

नवऱ्याला कोटाचं काही नव्हतं. शालीचंही नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "त्या दिवशी माझ्या पायाकडे कुणी बघता कामा नये. ते तेवढं तू बघ."

त्याच्या डाव्या पायाची अंगठ्यासकट तीन बोटं सोळा वर्षांपूर्वी गेली. बोटं नसलेल्या पायात साधा बूट घातला की पुढचा भाग रिकाम्या पिशवीसारखा मुडपतो आणि चालताना टोक वर येतं. कुणालाही एका नजरेत कळतं. म्हणून तो बारा महिने खेळाचे बूट घालतो, पुढे कापड कोंबून. लग्नात मांडवाच्या मागे उभा राहतो. बुद्धपौर्णिमेला विहारात सगळे आत जातात आणि हा बाहेरच्या बाकावर बसून म्हणतो, "जावा तुम्ही, मी चपला सांभाळतो." विहारातून कधी कुणाची चप्पल गेलेली मी ऐकलेली नाही.

नसलेली बोटं दुखतात, हे मी आधी मानत नव्हते. दुपारी जेवून तो खुर्चीत बसतो आणि हात आपोआप खाली जातो. पायापुढच्या हवेत, जिथे अंगठा असायला हवा तिथे, बोटांनी काहीतरी चोळल्यासारखं करतो. मी बघते आहे असं दिसलं की हात वर घेतो. पहिल्या वर्षी मी घाबरायचे. आता भांडी घासायला उठते.

ती बोटं कशी गेली ते सांगते. यात माझा भाग आहे.

माझा भाऊ माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्यामुळे त्याचं बरंचसं मीच केलं. विसाव्या वर्षी तो कामासाठी इकडे आला आणि ठेकेदारामार्फत एका छोट्या कारखान्यात लागला. निघोजेत चौघांत एक खोली घेऊन राहायचा. दिवसभर लोखंडाचे तुकडे उचलायचे आणि पायात कॅनव्हासचे बूट, कारण ठेकेदार काहीच देत नव्हता. मी एकदा ते बूट पाहिले आणि माझं डोकं फिरलं.

कंपनीत वर्षातून एक जोड मिळतो. जुना जमा करायचा आणि नवा घ्यायचा. त्या वर्षी नवरा खिडकीवर आला तेव्हा मी रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे 'जुना जोड जमा' असं लिहिलं आणि जुना त्याच्या पायातच राहू दिला. नव्या जोडाचा नंबर भावाचा लिहिला. आठ. नवऱ्याचा नऊ आहे. त्याने सही केली आणि खिडकीतून हळूच म्हणाला, "चालतील गं मला अजून सहा महिने." असं कंपनीत बरेच जण करायचे. कुणी भावासाठी, कुणी मेव्हण्यासाठी. स्टोअरवाले डोळेझाक करायचे. मी डोळेझाक केली नाही, मी स्वतः लिहिलं.

दोन महिन्यांनी, सकाळच्या शिफ्टला, ट्रॉलीवरून प्रेसची डाय, म्हणजे पत्रा दाबायचा जड लोखंडी साचा, सरकली. जुन्या बुटाचा तळ पुढून उघडला होता आणि आत बोटांवर असते ती लोखंडी टोपी जागची हलली होती. डायचा कोपरा बरोबर तिथून आत गेला.

दवाखान्यात मी पोचले तेव्हा त्याचा पाय गुंडाळलेला होता आणि चेहरा पांढरा होता. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मी काय सांगितलंय ते ऐक आणि तेवढंच सांग. नवा बूट मला चावत होता. म्हणून भंगारातून माझा जुना उचलून आणला. मीच. तुला काही माहीत नाही."

रजिस्टरमध्ये आठ नंबर लिहिलेला होता, तोही त्याच्या गोष्टीत नीट बसला. चौकशी झाली. माझी सही बरोबर ठरली, त्याला कडक शब्दांत लेखी ताकीद मिळाली. माझी नोकरी राहिली. भावाला आम्ही तेच सांगितलं जे कंपनीला सांगितलं.

पुढे सेफ्टीवाल्यांनी त्या बुटाचा फोटो मोठा करून फलकावर लावला. डावा बूट, पुढून फाटलेला, आत अंधार. खाली लिहिलेलं, 'नवा बूट असताना जुना वापरला.' नाव नाही, पण नाव कशाला लागतं? फलक स्टोअरच्या वाटेवर आहे. दरवर्षी नवीन भरती झाली की त्यांना फलकासमोर उभं करून तो किस्सा सांगतात आणि मग ती सगळी रांग बूट घ्यायला माझ्या खिडकीवर येते. सोळा वर्षांत फोटोचे रंग उडाले, बूट निळसर झाला. कधी वाटतं तो अजून उघडतोय. मी सकाळी त्याच्यासमोरून जाते, संध्याकाळी त्याच्यासमोरून येते. दुसरी वाट आहे, पण ती पार्किंगला वळसा घालून जाते आणि पंचिंगला उशीर होतो.

असो. बूट.

शेवटी आठवडा राहिला तेव्हा आम्ही पिंपरीच्या बाजारात गेलो. पहिल्या दोन दुकानांत सेल्समनने नंबर विचारला, डबा आणला, आणि नवरा "नको, आवडला नाही" म्हणून बाहेर पडला. मोजा काढायची वेळच येऊ दिली नाही. तिसरं दुकान अरुंद, जुनं. मालक सत्तरीचा, चष्मा कपाळावर. त्याने डबा आणला नाही, कागद आणि पेन्सिल आणली.

"बसा. मोजे काढा."

"नऊ नंबर आहे," नवरा म्हणाला.

"असेल. मोजे काढा."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "काढा हो. त्यांना घरी जायचं असेल."

त्याने उजवा काढला. मग बऱ्याच वेळाने डावा. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, पाय हातात धरला, अंगठ्याच्या जागेवरून बोट फिरवलं. चेहरा जरा पण हलला नाही.

"भोसरी का चाकण?"

"चाकण."

"प्रेस?"

"डाय पडली."

"हं. मागल्या महिन्यात एक आले होते, त्यांचा उजवा. तुमचा डावा. दोघांनी मिळून एक जोड घेतला असता तर स्वस्तात पडलं असतं."

नवरा हसला. परक्या माणसासमोर, पाय उघडा असताना. मी ते लक्षात ठेवलं.

"बूट नव्हता का पायात?" म्हाताऱ्याने विचारलं.

"होता. नवा चावत होता, म्हणून भंगारातून जुना उचलून आणला होता. माझीच चूक."

सोळा वर्षं हेच शब्द, याच क्रमाने. आता ते त्याला नुसते पाठ नाहीत, खरेच वाटतात. मी शेल्फावरच्या पॉलिशच्या डब्या बघत उभी राहिले.

म्हातारा कामाचा माणूस होता. त्याने सरळ सांगितलं: बिनलेसचे नकोत, टाच बाहेर येईल. टोकदार नकोत, रिकामं टोक लगेच दिसतं. ज्याच्या लेसच्या दोन्ही पट्ट्या पूर्ण उघडतात तसे घ्या, म्हणजे भराव घातलेला पाय आत जाईल. पुढे आडवी शिवण असलेले घ्या, सुरकुती पडली तरी शिवणीत लपते. चामडं कडक हवं. आणि तळाच्या आत तो एक पातळ पत्रा बसवून देईल, म्हणजे टोक वर येणार नाही. त्याने दोन्ही पाय कागदावर काढले आणि डाव्याच्या पुढे, रिकाम्या जागेत, उजव्याची तीन बोटं उलटी करून काढली. त्या मापाचा भराव करून देतो म्हणाला.

चार दिवसांनी आम्ही परत गेलो. नवऱ्याने बूट घातले, लेस बांधल्या, उभा राहिला. दुकानात जमिनीलगत एक बुटका आरसा होता, फक्त पाय दिसतील एवढा. तो त्याच्यासमोर जाऊन थांबला. आरशात दोन पूर्ण पाय होते. कुणाचेही असू शकले असते. तो बराच वेळ हललाच नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"अंगठा लागतोय पुढे."

मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. वाटलं, आता हा काहीतरी समजूत घालणार. पण तो खाली बसला, डाव्या बुटाचं टोक दाबून बघितलं आणि विचारलं, "जास्त लागतोय की थोडा?"

"थोडा."

"काढा. कमी करून देतो."

त्याने भराव बाहेर काढला, पुढून जरासा तासला आणि परत बसवला. नवऱ्याने पुन्हा घातला. "आता नाही लागत," म्हणाला. बूट चांगला बसला होता. आम्ही घेतला.

निरोपाच्या दिवशी तो चालला. दारापासून स्टेजपर्यंत, माझ्या उजव्या बाजूने, सरळ. टोक वर आलं नाही, सुरकुती दिसली नाही, टाच निघाली नाही. मी बाकी कशाकडे बघत नव्हते, बुटाकडेच बघत होते, म्हणून पहिल्या काही पावलांत माझ्या लक्षात आलं नाही. मग मी मान वर केली.

सगळे खाली बघत होते. टाळ्या वाजत होत्या, तोंडं हसत होती, आणि रांगेमागून रांग नजर आमच्यासोबत जमिनीवरून सरकत होती. त्यांनी सगळ्यांनी तो फोटो पाहिलेला. भरतीच्या पहिल्या दिवशी, फलकासमोर उभं राहून. कितीही चांगला बूट आणला असता तरी त्यांना तो दुसराच बूट दिसणार होता. नवऱ्यालाही ते कळलं. त्याचा हात माझ्या दंडावर होता, तो घट्ट झाला. तिथून पुढे तो लंगडायला लागला. बूट ठीक होता. तो लंगडला.

स्टेजवर साहेबांनी भाषण केलं. मनाने चांगला माणूस आहे. म्हणाले, "यांच्या एका पायाने आपल्या सगळ्यांचे पाय वाचवले. एक चूक माणसाला काय शिकवते, त्याचं हे उदाहरण." मागून कुणीतरी ओरडलं, "भावा, नवीन बूट लय भारी!" हशा झाला. नवरा हसला. ते हसणं मला ओळखीचं आहे. विहाराबाहेरच्या बाकावरचं.

मग माझ्या हातात माईक आला. बायकोचे दोन शब्द. मी कागदावर लिहून आणले होते, सहकाऱ्यांचे आभार वगैरे. कागद पर्समध्येच राहिला.

मी म्हणाले, "यांनी भंगारातून बूट उचलला नव्हता. यांचा जुना जोड जमाच झाला नव्हता. मी जमा लिहिलं. नवा जोड मी माझ्या भावासाठी काढला, आठ नंबरचा. यांना सोळा वर्षं तुम्ही ज्या चुकीचं उदाहरण म्हणून दाखवता ती माझी आहे. रजिस्टर स्टोअरमध्ये आहे, अक्षर माझं आहे." आणि माईक परत दिला.

पुढचं काय झालं ते कंपनीचं काम आहे. मला लेखी खुलासा मागितला, मी दिला. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही. तिसऱ्या रांगेत माझा भाऊ बसला होता, ते मात्र लिहायला हवं. मी बोलताना मला तो दिसत होता. दिसत असूनही मी बोलले.

सजवलेली गाडी भावाचीच होती. आता त्याची स्वतःची गाडी आहे, कंपन्यांना लावलेली. सकाळी त्याने स्वतः झेंडू लावला होता. मी पुढे बसले, नवरा मागे एकटा, हार गळ्यात. चाकणच्या चौकात नेहमीसारखी गाडी अडकली. दोन्हीकडून कांद्याचे ट्रक. एका ड्रायव्हरने फुलं बघून वरून विचारलं, "नवरी कुठाय?"

"दाजी," भाऊ आरशात बघून म्हणाला, "ताई बोलली ते खरं?"

"तुझ्या ताईला माईक मिळाला की ती काहीही बोलते."

"खरं आहे," मी म्हणाले.

"गप बस ना तू," नवरा म्हणाला. रागाने नाही, दमून. "एक दिवस राहिला होता. आजचा दिवस गेला असता, मग कुणी विचारलं असतं का?"

भावाने गाडी हळूहळू कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं.

"ताई, ते बूट."

"काय?"

"ते मला झालेच नाहीत."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय.

"दोन दिवस घातले. अंगठ्याचं नख काळं पडलं. मग खोलीतल्या लातूरच्या पोराला देऊन टाकले. तो गेला गावाला, घेऊन गेला."

"आठ नंबर तूच सांगितलास फोनवर."

"चपलेवर आठ लिहिलं होतं."

पायाला लोखंडी टोपी लागते, आत जाड मोजा असतो, म्हणून चपलेचा नंबर सांगू नका, एक वरचा घ्या. हे वाक्य मी खिडकीवर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगते. इतक्यांदा सांगते की बाजूची मुलगी माझी नक्कल करते. माझ्या भावाला मी ते सांगितलं नाही. फोनवर त्याने आठ म्हटलं आणि मी आठ लिहिलं.

"मग तू काय घालत होतास?"

"तेच. कॅनव्हासचे."

"किती दिवस?"

"ते काम सोडेपर्यंत. दीड वर्ष." आणि मग, जणू माफी मागावी तसं तो म्हणाला, "मला काही झालं नाही ना पण."

"मला सांगायचं ना रे."

"कसं सांगणार? तू एवढं आणून दिलेलं. आणि मग दाजींचं झालं. त्यांनी सांगितलं भंगारातून उचलला. मला वाटलं, म्हणजे माझ्यामुळे नाही."

मागून विचित्र आवाज आला. मी वळून पाहिलं. नवरा हसत होता. खांदे हलत होते, हारातली फुलं कोटावर गळत होती.

"लातूर," तो म्हणाला. "म्हणजे माझी बोटं लातूरला गेली का रे?"

भावाने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. तो रडायला लागला, तोंडाने आवाज करत, लहानपणी रडायचा तसा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि ठेवला नाही. कुणाकडे हात न्यावा ते मला समजेना. मागे एक हसतोय, पुढे एक रडतोय, आणि बाहेर ट्रकवाला हॉर्न देतोय.

हसणं थांबल्यावर नवरा वाकला. लेस सोडण्याचा आवाज आला. त्याने डावा बूट काढला, मग मोजा, आणि पाय उचलून आमच्या दोघांच्या सीटांच्या मधून पुढे केला, गिअरच्या अगदी जवळ.

"बघ," तो भावाला म्हणाला. "सोळा वर्षं चोरून बघतोयस. एकदा नीट बघ आणि गाडी काढ. लोक खोळंबलेत."

भावाने डोळे पुसले आणि बघितलं. खूप वेळ. मीही बघितलं. दिवसाच्या उजेडात, इतक्या जवळून, तिघांनी मिळून आम्ही तो पाय कधीच पाहिला नव्हता. शिवलेल्या जागी कातडी गुळगुळीत, गुलाबी होती आणि बुटाने थोडी लाल झाली होती.

"मोशीवरून सरळ घेऊ का?" भावाने विचारलं.

"घे कुठूनही," नवरा म्हणाला. पाय त्याने तसाच ठेवला.